एकाच घराचे चार पत्ते

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझं माहेर सौंसर तालुक्यातलं, सासर पांढुर्ण्याचं. मधली चोवीस वर्षं मस्कतला. १९९९ च्या ऑगस्टमध्ये गेलो आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये कायमचे परत आलो. तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, "मग, कसं वाटून राहिलं आता?" मी दर वेळी काहीतरी वेगळंच उत्तर देते. म्हणून ठरवलं की एकदा नीट बसून लिहावं. पण नुसतं आपल्यापुरतं लिहून ते पुरं होत नाही. आपल्या भागाचा इतिहास आणि आपल्याच मुलखातल्या एका मोठ्या माणसाचं पन्नास वर्षांनी परत येणं, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तेव्हा कुठे मला माझं परत येणं थोडं समजलं. तेच सांगते.

पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी आधी थोडा भूगोल. नागपूरहून इटारसीकडे जाणारी रेल्वे धरली की काटोल, नरखेड मागे पडतं आणि मग पांढुर्णा येतं. नागपूरपासून साधारण शंभर किलोमीटर. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की सावनेर ओलांडल्यावर सौंसर. मराठीत आम्ही सौसर म्हणतो, पाटीवर सौंसर लिहिलेलं असतं. दोन्ही गावं मध्यप्रदेशात. पण घरात मराठी, स्वयंपाकात झुणका-भाकर, वावरात संत्रा आणि कापूस, सण पोळ्याचा. जामसावळीचा झोपलेला हनुमान आमच्याच तालुक्यात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी गोटमार तर तुम्ही टीव्हीवर पाहिलीच असेल. त्याच दिवशी तिकडे नागपुरात मारबत निघते. सण एकच, फक्त मध्ये राज्याची हद्द.

मस्कतला गेल्यावर पहिल्याच गणपतीत एका ताईंनी मला विचारलं, "तुम्ही एमपीच्या ना? मग मराठी इतकं छान कसं येतं?" मी म्हटलं, "आमच्या घरी मराठीच बोलतात." त्या म्हणाल्या, "अच्छा, म्हणजे मूळचे महाराष्ट्रातले!" आता यांना काय सांगावं? आम्ही कुठून कुठेही गेलो नव्हतो. हद्दच आमच्या अंगणाजवळून गेली होती.

आमच्या घरात एक लोखंडी पेटी आहे. परत आल्यावर आधार, बँक, रेशन, सगळीकडे पत्ता बदलायचा होता, म्हणून ती उघडली. तिच्यात यांच्या आजोबांची १९३० च्या आसपासची एक पावती निघाली. तिच्यावर पांढुर्णा, तहसील सौंसर, जिल्हा छिंदवाडा, सी.पी. असं आहे. मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, मॅट्रिकचा कागद १९५५ चा. त्यावर मध्यप्रदेश आहे, पण बोर्डाचा शिक्का नागपूरचा. आमच्या पासपोर्टवर पांढुर्णा, जिल्हा छिंदवाडा, मध्यप्रदेश. आणि आत्ता जो पत्ता लिहायचा होता तो पांढुर्णा, जिल्हा पांढुर्णा. घर तेच, विहीर तीच, उंबरठाही तोच. पत्ते मात्र चार.

हे चार पत्ते म्हणजेच आमच्या भागाचा इतिहास आहे.

सगळ्यात आधी हा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा. नागपूर शहर वसवलं ते याच देवगडच्या बख्त बुलंद शहाने. म्हणजे नागपूरचं मूळ शोधत गेलं तर ते आमच्या छिंदवाड्याच्या डोंगरात सापडतं. पुढे अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचं राज्य आलं आणि मराठी शेतकरी, कारकून, कारागीर सातपुड्याच्या पायथ्याशी वसत गेले. तेव्हा आपण "मूळचे इथले" म्हणतो तेही जपून म्हणावं. आपल्या आधी इथे गोंड होते, आजही आहेत. १८५३ साली तिसरे रघूजी भोसले वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं. १८६१ साली मध्य प्रांत झाला. तोच सी.पी. त्याची राजधानी नागपूर. पुढे वऱ्हाड जोडला गेला आणि सी.पी. अँड बेरार हे नाव रुळलं. १९५० साली त्याचंच नाव मध्यप्रदेश झालं, राजधानी नागपूरच राहिली. मामाजींच्या कागदावर मध्यप्रदेश आणि नागपूर एकत्र दिसतात ते यामुळे.

मग राज्य पुनर्रचना आली. आयोगाचा अहवाल सप्टेंबर १९५५ मध्ये आला. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे वेगळे काढायचे ठरले: नागपूर, वर्धा, चांदा, भंडारा, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा. छिंदवाडा त्यात नव्हता. हिशोब जिल्ह्याचा धरला गेला, तालुक्याचा किंवा गावाचा नाही. अख्खा छिंदवाडा जिल्हा हिंदी आणि गोंडी बोलणारा, त्याच्या दक्षिणेची एक पट्टी मराठी. ती पट्टी जिल्ह्याबरोबर गेली. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. आमची राजधानी भोपाळ झाली आणि हायकोर्ट जबलपूरला.

मामाजी सांगत, "आम्ही रात्री निजलो तवा नागपूर आमची राजधानी होती. सकाळी उठलो त परराज्य." थोडी अतिशयोक्ती, पण भाव खरा. बाजार नागपूरचाच राहिला, सोयरिकी काटोल-सावनेरच्याच राहिल्या, संत्रा नागपूरच्याच मंडीत जात राहिला. सौंसरहून छोट्या रुळांची गाडी डुगडुगत नागपूरच्या इतवारीला जायची. २०१५ पर्यंत ती होती, मग मोठ्या रुळांसाठी बंद झाली. बदललं ते सरकारी. शाळेत आम्हाला हिंदी, घरी मराठी. सातबाऱ्याच्या जागी खसरा, तलाठ्याच्या जागी पटवारी. आम्ही दोन्ही भाषांत हिशोब करायला शिकलो.

आता त्या मोठ्या माणसाकडे येते.

मस्कतला एका नागपूरच्या मैत्रिणीने मला वीणा गवाणकरांचं पुस्तक वाचायला दिलं होतं. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचं चरित्र. तोवर मला हे नाव माहीत नव्हतं, आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणांना नसेल. खानखोजे वर्ध्याचे, जन्म १८८४ चा. म्हणजे आमच्याच सी.पी.तले. इंग्रजांविरुद्ध लढायचं डोक्यात, टिळकांचा प्रभाव. १९०६ च्या सुमारास विशी-बाविशीचा हा मुलगा घर सोडून जपानमार्गे अमेरिकेत गेला. तिथे लष्करी शिक्षण घेतलं, शेतीशास्त्र शिकला, आणि पॅसिफिक किनाऱ्यावरच्या लाकूड गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांमध्ये मिसळला. १९१३ साली जी गदर चळवळ उभी राहिली, तिच्या उभारणीत हा वर्ध्याचा मराठी माणूस होता. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान, इराण असं फिरत इंग्रजांशी लढला. युद्ध संपलं तेव्हा परतीची वाट बंद झालेली. मायदेशात इंग्रज, आणि त्यांच्या दप्तरी याचं नाव.

मग १९२४ साली खानखोजे मेक्सिकोला गेले. तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मका आणि गहू यांच्या नव्या जातींवर त्यांनी काम केलं. गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेरा हा मेक्सिकोचा जगप्रसिद्ध चित्रकार. त्याने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीवर एक चित्र काढलं आहे, लोक एका टेबलाभोवती भाकरी वाटून घेत आहेत असं. त्या टेबलाच्या मुख्य जागी खानखोजे बसलेले आहेत. वर्ध्याचा माणूस मेक्सिकोच्या सरकारी भिंतीवर! १९३६ साली त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन बाईंशी लग्न केलं. दोन मुली झाल्या, त्याही मेक्सिकोतच.

इथवर वाचताना मला अभिमान वाटत होता. पुढचं वाचताना मात्र मी थांबत थांबत वाचलं, कारण पुढे परत येण्याची गोष्ट होती.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. ज्या देशासाठी घर सोडलं त्या देशाचं स्वतःचं सरकार आलं. आणि खानखोजेंनी परत येण्यासाठी अर्ज केला तेव्हा त्या सरकारने तो आधी नाकारला! इंग्रजांनी घातलेली बंदी इंग्रज गेल्यावरही कागदावर उरली होती. ती पुढे उठली. १९४९ साली नागपूरच्या प्रांतिक सरकारने शेतीच्या कामासाठी बोलावलं, तेव्हा ते येऊन गेले. १९५५ साली कायमचे आले, नागपूरला राहिले. वय सत्तरीच्या पुढे.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. ज्या प्रांतातून ते विशीत निघाले त्याची राजधानी नागपूर, त्यात वर्धाही होतं आणि पांढुर्णाही. ज्या सरकारने त्यांना १९४९ साली बोलावलं त्याच्या हद्दीत आमची संत्र्याची वावरं येत होती. ते १९५५ ला आले आणि १ नोव्हेंबर १९५६ ला तो प्रांतच मोडला. पन्नास वर्षं ज्या घराकडे डोळे लावले, ते घर ते पोचल्यावर वर्षभरात दोन राज्यांत वाटलं गेलं. २२ जानेवारी १९६७ ला नागपुरात ते वारले.

आणि त्यांच्या मुली? वडील मायदेशी परत आले, पण त्यांच्यासाठी तोच परदेश. थोरल्या मुलीने, सावित्री सावनी यांनी, पुढे वडिलांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं. मला नेहमी वाटतं, ते पुस्तक लिहिणं हीच त्यांची या देशात येण्याची वाट असावी. हा माझा अंदाज, बरं का.

मेक्सिकोत चापिंगोला सप्टेंबर २०२२ मध्ये खानखोजेंचा पुतळा बसला. आपले लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांनी त्याचं अनावरण केलं. ज्या गावाला त्यांनी निरोप दिला, तिथे ते उभे आहेत.

अशीच आणखी एक गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली असते, पण तिचा शेवट फार कमी जणांना माहीत असतो. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईला परतल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक झाली होती. पण क्षय सोबत आला होता. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. वय एकवीस. त्यानंतर त्यांची रक्षा अमेरिकेला, ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखं सांभाळलं त्यांच्याकडे पाठवली गेली. न्यूयॉर्कजवळच्या पुकिप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आनंदीबाईंचं स्मारक आहे. घरी परत येऊनही काही भाग तिकडेच जातो, हे तेव्हाही होतं.

ही एवढी मोठी माणसं. त्यांच्यापुढे आमची मस्कतची गोष्ट म्हणजे किरकोळच. पण गाठ तीच आहे.

आखाती देशात राहणाऱ्यांना माहीत आहे, तिथे कोणी कायमचं होत नाही. आमचा व्हिसा दोन वर्षांचा असायचा. तो संपला की पुन्हा शिक्का. आमची चोवीस वर्षं म्हणजे दोन-दोन वर्षांचे बारा तुकडे. हे बांधकाम कंपनीत सर्व्हेअर, मी शाळेत शिकवायची. चांगलं कपाट घ्यायचं म्हटलं की हे म्हणायचे, "दोन वर्षांनी कुठे न्यायचं?" तेच वाक्य चोवीस वर्षं ऐकलं आणि प्लास्टिकच्या कपाटात संसार केला. तरी घर झालंच. मुलगा तिथेच जन्मला. खिडकीखाली लावलेला कढीपत्ता दुसऱ्या मजल्यापर्यंत आला. समोरच्या ओमानी आजींनी मुलाला अरबी अंक शिकवले, दर ईदला हलव्याचा वाडगा आणि बरोबर लोबान.

दर वर्षी सुट्टीला पांढुर्ण्याला यायचो. महिनाभर राहून निघताना मामाजींच्या पाया पडून "येतो" म्हणायचो. आपल्यात "जातो" म्हणत नाहीत. पाच-सहा वर्षांनंतर मामाजी हसून म्हणायला लागले, "तुम्ही येऊन राहिले का जाऊन राहिले, हेच समजत नाही बाप्पा मले." पुढे पुढे ते हसतही नसत. साडेचार एकर वावर, त्यात संत्र्याचा बगीचा. सत्तरी ओलांडली तरी स्वतः ताण देणं बघायचे, डिंक्याला बोर्डो पेस्ट लावायचे. "वावर हाय तोवर घर हाय, सूनबाई. विकू नका," एवढंच सांगणं.

मे २०२१ मध्ये मामाजी गेले. कोरोनाची दुसरी लाट. भारतातून येणाऱ्यांना ओमानने एप्रिलच्या शेवटी प्रवेश बंद केला होता. म्हणजे निघालो तर परत जाता येणार नाही, यांची नोकरी जाणार, मुलाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. अशी घरं तेव्हा आखातात हजारो होती, प्रत्येकाने आपापला निर्णय केला. आम्ही फोनच्या पडद्यावर सगळं पाहिलं. भासऱ्यांनी अग्नी दिला. जाऊबाईंनी फोन धरला होता, तिचा हात थरथरत होता म्हणून चित्र हलत होतं. त्या रात्री हे मला म्हणाले, "व्हिसा संपला की आता नवा शिक्का नको."

तो २०२३ ला संपला.

घर आवरायला दीड महिना लागला. फ्रिज आणि वॉशिंग मशीन एका केरळी कुटुंबाला दिलं. पुस्तकं, देव आणि भांडी कार्गोने. शाळेत निरोप समारंभ झाला, मुलींनी रडून घेतलं, मीही. यांचं फायनल सेटलमेंट, रेसिडेंट कार्ड रद्द, वीज-पाण्याची बिलं चुकती. रद्द हा शब्द त्या दिवसांत इतका ऐकला की कानाला टोचायला लागला. ओमानी आजींनी शेवटच्या दिवशी दोन्ही हात धरून "मअस्सलामा" म्हटलं. सुखरूप जा. त्यांना आमच्या "येते"चा अर्थ मी कधीतरी सांगितला होता. त्यांनी विचारलं, "या वेळी येते म्हणणार नाहीस?" मी नाही म्हटलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा खरोखर "जाते" म्हटलं.

सगळ्यात जड गेलं ते मुलाला. तो तेव्हा कॅनडात शिकत होता. फोनवर म्हणाला, "आई, तुम्ही घरी चाललात. पण माझं घर तर तुम्ही आत्ता बंद केलं." मी गप्प बसले. त्याचा जन्म मस्कतचा, पण आता तिथे जायला त्याला टुरिस्ट व्हिसा काढावा लागतो. पांढुर्णा त्याच्यासाठी उन्हाळ्याची सुट्टी. खानखोजेंच्या मुलींबद्दल वाचताना मी थांबत होते ती जागा हीच. आईबाप परततात तेव्हा मुलांचं परदेशी जाणं सुरू होतं.

आणि आम्ही ज्या घरी परत आलो, तेही जागेवर नव्हतं. आम्ही पोचायच्या महिनाभर आधी, ५ ऑक्टोबर २०२३ ला, पांढुर्णा जिल्हा झाला होता. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली छिंदवाड्यातून काढून नवा जिल्हा. इंग्रजांच्या गॅझेटिअरात पांढुर्णा हे सौंसर तहसिलीतलं गाव म्हणून नोंदलेलं आहे. आता सौंसर पांढुर्णा जिल्ह्यातली तहसील. माझं माहेर सासरच्या नावाखाली आलं म्हणून भासरे मला अजून चिडवतात. माझा भाऊ मात्र गंभीरपणे म्हणतो, "नाव सौंसरचं असायला पाहिजे होतं, ताई." ही भांडणं गोड आहेत. १९५६ ची नव्हती.

जिल्हा झाला आणि रस्त्यालगतच्या वावरांचे भाव चढले. आमच्या वावरासाठी लेआउटवाले दर आठवड्याला येऊ लागले. भासऱ्यांचं वय ६८, गुडघे गेलेले. बगीचा अर्धा डिंक्याने मेलेला, उरलेल्या झाडांवर कोळशी. ते म्हणाले, "बाबूजींचा शब्द मलाही आठवते. पण करीन कोण? तुम्ही तिकडून फोनवर शेती करणार होते का?" बोलणं टोचणारं, पण खोटं नव्हतं. ते चोवीस वर्षं इथे होते, बाबूजींना दवाखान्यात नेणारे तेच. विकायचा हक्क त्यांना आमच्यापेक्षा जास्त होता.

चार महिने घरात हाच विषय. कधी जेवताना कोणी बोलायचं नाही, नुसता ताटांचा आवाज. जाऊबाईंनीच शेवटी मार्ग काढला. भासऱ्यांच्या वाट्याचं दीड एकर विकलं, त्यात त्यांच्या मुलीचं लग्न आणि त्यांची औषधं. तीन एकर आमच्याकडे. जुनी झाडं काढली, पाऊस पडल्यावर नवी कलमं लावली, रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेली. त्या खुंटाची मूळकूज सोसायची ताकद बरी, असं रोपवाटिकेवाल्याने सांगितलं. संत्रा तसा स्वतःच्या मुळावर वाढवतच नाहीत. खुंट दुसऱ्याचा, डोळा संत्र्याचा. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे काय सांगायचं? पण मुलाला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो जरा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे माझ्यासारखं." मी म्हटलं, "हो. आणि फळ संत्र्याचंच येतं, लिंबाचं नाही."

खानखोजे १९५५ ला आले तेव्हा त्यांना वर्धेचं ते जुनं घर, तो जुना प्रांत परत मिळाला नाही. कोणालाच मिळत नाही. आपण गेलो की घरही आपल्या मागे प्रवासाला निघतं. त्याची राजधानी बदलते, जिल्हा बदलतो, माणसं जातात, भाव चढतात. पहिले सहा महिने मी पांढुर्ण्यात १९९९ चं पांढुर्णा शोधत होते. ते सापडेना म्हणून चिडचिड. मस्कतची आठवण आली की उगाच अपराधी वाटायचं. मग जाऊबाई एके दिवशी म्हणाल्या, "आता तुम्ही पाहुण्या नाही. गॅसवरचं दूध तुम्ही पाहा." गंमत वाटेल, पण त्या दिवसापासून मला बरं वाटायला लागलं. परत आलेल्या माणसाला जुनी जागा कोणी राखून ठेवत नाही. त्याला एखादं काम हातात घ्यावं लागतं, मग त्या कामापुरती जागा होत जाते.

जे कायमचे परत येण्याचा विचार करत आहेत त्यांच्यासाठी तीन साध्या गोष्टी. एक, इथे जो भाऊ, बहीण, जाऊ मागे राहिली, तिने काय काय केलं हे आधी ऐकून घ्या, आपल्या त्यागाचं नंतर सांगा. दोन, मुलांना "घरी चाललो" म्हणू नका, "आमच्या घरी चाललो" म्हणा. त्यांच्या घराचा वेगळा निरोप होऊ द्या. मुलाला मी कढीपत्त्याच्या खिडकीचा, त्याच्या शाळेच्या रस्त्याचा व्हिडिओ काढून पाठवला, तो त्याने जपून ठेवला आहे. तीन, जुने कागद फेकू नका. सौंसर, पांढुर्णा, मोहगाव, लोधीखेडा, पिपळा, रामाकोना, इकडच्या कोणाच्या घरी १९५६ च्या आधीचे दाखले, पावत्या, पत्रं असतील तर फोटो काढून ठेवा. आपला इतिहास कोणत्याच राज्याच्या पाठ्यपुस्तकात नीट आलेला नाही. महाराष्ट्राने आपल्याला बाहेरचं मानलं, मध्यप्रदेशाने कोपऱ्यातलं.

कलमांना आता दुसरा पावसाळा. संत्र्याला फळ धरायला पाच वर्षं तरी लागतात, म्हणजे २०२९ च्या आसपास. यांचं वय तेव्हा ६७ होईल. परवा मुलाने विचारलं, "आंबिया बहार घेणार की मृग?" प्रश्न ऐकून हे इतके खूश झाले की तासभर त्याला ताण म्हणजे काय ते समजावत बसले. तो यंदा पोळ्याला येतो म्हणाला आहे. सोबत कोणीतरी आहे, तिलाही गाव दाखवायचं आहे म्हणे. मी विचारलं नाही कोण. जाऊबाईंनी मात्र आतापासून पुरणाच्या डाळीचा हिशोब सुरू केला आहे.